शालेय शिस्त : बारभाईंची खेती की वाटून घेतलेली जबाबदारी?

'शिस्त' हा शब्द मराठीत फारसीतून आला. बंदुकीची शिस्त धरणे, म्हणजे नेम धरणे, असा त्याचा एक जुना अर्थ आहे. इंग्रजीतील 'डिसिप्लिन' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'शिष्य' या अर्थाच्या शब्दात सापडते. म्हणजे एका शब्दात नेम आहे आणि दुसऱ्यात शिकणे आहे. शिक्षेचा उल्लेख दोन्ही मुळांत नाही. तरीही शाळेच्या संदर्भात शिस्त हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांसमोर छडी, कोंबडा, वर्गाबाहेर उभे केलेली मुले आणि दारात खाकरणारे मुख्याध्यापक उभे राहतात. शिस्त म्हणजे शिक्षा आणि शिक्षा करणारा तोच शिस्तीचा मालक, असे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे.

या समीकरणाचा एक परिणाम फारसा चर्चिला जात नाही. शिस्त म्हणजे शिक्षा असे मानले की ती एका माणसाकडे सोपवून बाकीच्यांना मोकळे होता येते. कित्येक शाळांत हे काम क्रीडाशिक्षकाच्या गळ्यात पडलेले असते. कोठे ते पर्यवेक्षकांकडे, तर कोठे आवाज चढवता येणाऱ्या एखाद्या जुन्या शिक्षकाकडे असते. उरलेले शिक्षक 'सरांकडे पाठवीन' एवढी धमकी देऊन धडा पुढे चालू ठेवतात. ही व्यवस्था योग्य आहे काय? नसेल तर शाळेतील निरनिराळ्या कर्मचाऱ्यांनी शिस्तीची जबाबदारी आपापसांत कशी वाटून घ्यावी? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी अनेक विद्यार्थी अध्यापनाच्या अभ्यासक्रमाकडे वळतात. आज बाकावर बसलेल्यांपैकी काही जण थोड्याच वर्षांत फळ्यापाशी उभे राहतील. म्हणून हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही.

कायद्याने काय बदलले?

शिक्षक हा शाळेच्या वेळेपुरता आईवडिलांच्या जागी असतो, ही कल्पना इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आली. आईवडील मुलाला मारू शकतात, म्हणून शिक्षकही मारू शकतो, असा तिच्यातून निष्कर्ष निघाला आणि तो दीर्घकाळ टिकला. दिल्लीतील शाळांच्या १९७३ च्या नियमांत तर शारीरिक शिक्षेची तरतूदच होती. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये ती रद्द ठरवली. पुढे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास किंवा त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. मनाई मोडणाऱ्यावर त्याच्या सेवाशर्तींप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'शिस्तभंग' हा शब्द पूर्वी विद्यार्थ्याला लावला जात असे. छडी उगारणाऱ्या शिक्षकालाच तो आता लागू झाला आहे.

याच कायद्याच्या कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास बंदी केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, परंतु काढून टाकण्यावरील बंदी कायम राहिली. म्हणजे पहिलीपासून आठवीपर्यंत शाळेच्या हातातील दोन जुनी हत्यारे, मारणे आणि काढून टाकणे, कायद्याने काढून घेतली. हे योग्यच झाले. मात्र त्यांच्या जागी काय आले, असे विचारले तर पुष्कळ शिक्षक हताशपणे म्हणतात, "आता आम्हाला काहीच करता येत नाही."

ही तक्रार समजून घेतली पाहिजे. तिची थट्टा करून भागणार नाही. छडी हे एकट्या माणसाचे हत्यार होते. ती चालवायला कोणाचे सहकार्य लागत नव्हते, कोणाशी बोलावे लागत नव्हते, काही लिहून ठेवावे लागत नव्हते. छडीच्या जागी जे काही येऊ शकते ते सगळे एकट्याने होण्यासारखे नाही. पालकांशी बोलणे, मुलाची अडचण शोधणे, नियम समजावणे, पाठपुरावा करणे, या कामांना अनेक माणसे लागतात आणि त्या माणसांत मेळ लागतो. छडी गेली, परंतु एकट्याने काम करण्याची सवय गेली नाही. आजच्या अडचणीचे खरे कारण माझ्या मते येथे आहे.

मूल दिवसभरात किती जणांच्या नजरेखाली असते?

माध्यमिक शाळेतील एका साध्या दिवसाचा हिशेब करून पाहू. दिवसाला आठ तासिका धरल्या, तर वर्गशिक्षक आपल्या वर्गावर त्यांपैकी एक किंवा दोन तासिका असतो. उरलेल्या सहा-सात तासिकांना इतर विषयशिक्षक येतात. तासिका बदलताना पाच-सात मिनिटे वर्गात कोणीच नसते. मधल्या सुट्टीत मुले पटांगणावर, नळापाशी, जिन्यात आणि स्वच्छतागृहापाशी असतात. सकाळी फाटकावर त्यांना शिपाई पाहतो. कचेरीत फी भरायला किंवा दाखला मागायला गेल्यावर लिपिक भेटतात. ग्रंथालयात ग्रंथपाल आणि प्रयोगशाळेत परिचर असतात. जेथे पोषण आहार शिजतो तेथे वाढणाऱ्या बाया त्यांना रोज पाहतात.

महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची आहे. तिच्यात मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शिक्षक यांच्याबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचाही विचार आहे. शाळा म्हणजे केवळ शिक्षक नव्हेत, हे कायद्याने मानले आहे. परंतु शिस्तीची गोष्ट निघाली की आपण ही सगळी माणसे विसरतो. मूल कोठे बिघडते, कोठे रडते, कोणाशी भांडते, डबा कोणाबरोबर खाते की एकटेच खाते, हे पुष्कळदा वर्गशिक्षकाच्या आधी शिपायाला ठाऊक असते. त्याला मात्र कोणी विचारत नाही आणि विचारले नाही तर त्याने सांगावे अशी रीतही नाही.

सर्वांची म्हणजे कोणाचीच नव्हे?

यावर कोणी म्हणेल, "मग सोपे आहे. शिस्त ही सर्वांची जबाबदारी आहे असे जाहीर करून टाका." शाळांच्या फलकांवर आणि संमेलनांच्या भाषणांत असे वाक्य नेहमी असते. परंतु आपली मराठी भाषा येथे आपल्याला सावध करते. अनेकांच्या हाती गेलेल्या आणि म्हणून कोणाच्याच ताब्यात नसलेल्या कारभाराला आपण 'बारभाईंची खेती' म्हणतो.

या लोकानुभवाला मानसशास्त्रानेही दुजोरा दिला आहे. जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रणेवरून एकमेकांशी बोलायला सांगितले होते. बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज सर्वांच्या कानी पडे. हा आवाज प्रत्यक्षात आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी तो आवाज संपण्याच्या आत मदतीला धावले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. ही माणसे निष्ठुर नव्हती. 'दुसरा कोणीतरी पाहील' या समजुतीने त्यांचे पाय जखडले गेले. जबाबदारी विरघळून जाणे असे या घटनेचे वर्णन करता येईल.

शाळेच्या व्हरांड्यात हेच रोज घडते. दोन मुले हाणामारी करीत असतात. तीन शिक्षक तेथून जातात. पहिल्याला वाटते, हा माझा वर्ग नव्हे. दुसऱ्याला वाटते, पर्यवेक्षक पाहतीलच. तिसऱ्याला वाटते, मध्ये पडलो तर उद्या पालक आपल्यावरच उलटतील. तिघेही सज्जन असतात आणि हाणामारी चालू राहते. तेव्हा जबाबदारी 'सर्वांची' करणे आणि जबाबदारी 'वाटून घेणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाटणीत प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो.

इतिहासातील बारभाईंचे उदाहरणही येथे आठवते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर सखारामबापू बोकील, नाना फडणीस आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन सवाई माधवराव या तान्ह्या पेशव्याच्या नावाने राज्य सावरले. त्यांच्यातही हेवेदावे होते. परंतु जोवर मधल्या मुलाचे रक्षण हा हेतू एक होता, तोवर अनेकांचा कारभार चालू शकला. हेतू एक आणि कामे निरनिराळी असतील, तर बारभाईंचा कारभारही चालतो, एवढे या उदाहरणावरून म्हणता येईल.

अभ्यासकांनी काय पाहिले?

या विषयावरील तीन अभ्यास मला विशेष महत्त्वाचे वाटतात.

पहिला अभ्यास जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. त्याच्या संशोधनाची सुरुवात महाविद्यालयातच झाली. व्याख्यान चालू असताना वर्तमानपत्र वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्याने झापले. तेव्हा त्याच्या लक्षात आले की ज्यांना उद्देशून तो काहीच बोलला नव्हता ती मुलेही सावरून बसली आहेत. पाण्यात दगड टाकल्यावर लहरी पसराव्यात तसा हा परिणाम होता. त्याचा पाठपुरावा करीत त्याने शाळांतील वर्गांचे चित्रीकरण करून बारकाईने निरीक्षण केले आणि १९७० साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा निष्कर्ष अनपेक्षित होता. शांत वर्गाचे शिक्षक आणि गोंधळाच्या वर्गाचे शिक्षक यांच्यात, मुलाने आगळीक केल्यानंतर ते कसे रागावतात याबाबतीत, म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक होता तो आगळीक घडण्यापूर्वीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाची नजर साऱ्या वर्गावर फिरत असे, त्याचा धडा रेंगाळत नसे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे तो सहज जात असे. म्हणजे शिस्त हा मुख्यतः पूर्वतयारीचा भाग आहे. दंड ही त्यात मागाहून येणारी गोष्ट आहे.

दुसरा अभ्यास मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. लंडन शहराच्या अंतर्भागातील बारा माध्यमिक शाळांचा त्यांनी अभ्यास केला आणि १९७९ साली 'पंधरा हजार तास' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक प्रसिद्ध केले. मूल शाळेत दाखल झाल्यापासून शाळा सोडेपर्यंत साधारण एवढे तास शाळेत घालवते. मुले मूळची कोणत्या वस्तीतली, कोणत्या कुवतीची, हे हिशेबात घेऊनही शाळाशाळांतील मुलांच्या वागणुकीत मोठा फरक उरतो, असे त्यांना आढळले. इमारतीचे वय किंवा आकार यांचा त्याच्याशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो शाळेच्या एकंदर रीतीशी. जेथे वर्तनाची अपेक्षा साऱ्या शाळेने मिळून ठरवली होती तेथे मुले बरी वागत होती; जेथे प्रत्येक शिक्षकाला ज्याचे त्याने पाहून घ्यावे म्हणून सोडून दिले होते तेथे स्थिती वाईट होती. जेथे कौतुक मोकळेपणाने होत होते आणि पुष्कळ मुलांना जबाबदारीची कामे मिळत होती तेथेही चित्र चांगले होते. मारण्याने मात्र वागणूक सुधारल्याचे दिसले नाही.

तिसरा अभ्यास म्हणजे एल्टन समितीचा अहवाल. इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतून १९८७ साली छडी कायद्याने गेली. शाळांतील हिंसाचाराविषयी वृत्तपत्रांत ओरड चालू होती. म्हणून १९८८ साली लॉर्ड एल्टन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९८९ साली तिचा अहवाल आला. हजारो शिक्षकांची पाहणी केल्यावर दिसले ते असे की शिक्षकांवर हात उगारण्याचे प्रकार विरळा होते. शिक्षकांना थकवीत होत्या त्या बारीकसारीक गोष्टी : मध्येच बोलणे, शेजाऱ्याला डिवचणे, कामात टाळाटाळ. एकेक गोष्ट क्षुल्लक, परंतु दिवसभर साचत गेली की असह्य. दुपारच्या सुट्टीची वेळ ही मुख्याध्यापकांना सर्वांत मोठी डोकेदुखी वाटत होती, हेही समितीने नोंदवले. त्या वेळेला मुलांवर लक्ष ठेवणारी माणसे शिक्षक नव्हती. शिक्षकाने आपापल्या वर्गात एकटे पडून झुंजावे, मदत मागणे म्हणजे नालायकी कबूल करणे, या जुन्या प्रथेवर समितीने नेमके बोट ठेवले आणि साऱ्या शाळेने मिळून धोरण ठरवावे असा आग्रह धरला.

देश वेगळा, काळ वेगळा, हे मान्य. तरी कायद्याने छडी गेल्यानंतर इंग्लंडला जो प्रश्न पडला तोच आज आपल्याला पडला आहे. म्हणून त्यांचे उत्तर अभ्यासण्याजोगे आहे.

एक कल्पित उदाहरण

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पू. नववीतील एक मुलगा सारखा उशिरा येतो. सोमवारी फाटकावरचा शिपाई त्याला दोन शब्द सुनावून आत सोडतो. मंगळवारी क्रीडाशिक्षक मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावतात. बुधवारी पहिल्या तासाच्या बाई न पाहिल्यासारखे करतात. गुरुवारी पर्यवेक्षक "पालकांना घेऊन ये, मगच वर्गात बस" असे बजावतात. चार दिवसांत एका अपराधाला चार न्याय मिळाले. यातून मुलगा काय शिकला? वेळेवर यावे हे तो शिकला नाही. फाटकावर कोण आहे ते पाहून यावे, एवढे तो शिकला.

आता याची दुसरी बाजू पाहू. त्याचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्याचे लिपिकाला ठाऊक आहे, कारण पत्ता बदलल्याचा अर्ज त्यानेच घेतला आहे. धाकट्या बहिणीला प्राथमिक शाळेत सोडून तो येतो, हे शिपाई रोज पाहतो. गेल्या महिन्यापासून तो डबा आणत नाही, हे वर्गमित्रांना माहीत आहे. गणितात तो अचानक मागे पडला, हे गणिताच्या शिक्षकांच्या वहीत आहे. त्याची आई आजारी आहे, ही गोष्ट या चार तुकड्यांतून सहज उमगली असती. परंतु चार तुकडे चार ठिकाणी राहिले आणि मुलाच्या वाट्याला मैदानाच्या फेऱ्या आल्या.

जबाबदारी वाटून घेण्याचा खरा अर्थ येथे ध्यानात येतो. दरारा वाटून घेणे हा तिचा लहान भाग आहे. माहिती वाटून घेणे हा मोठा भाग आहे.

वाटणी कशी असावी?

या विवेचनावरून काही सूत्रे मांडता येतील.

पहिले सूत्र असे की नियम थोडे असावेत आणि ते सर्वांनी मिळून केलेले असावेत. वीस कलमांचा फलक कोणी वाचत नाही. पाच नियम असले, ते का आहेत हे मुलांना समजावून सांगितले आणि शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाने ते सारख्याच रीतीने पाळून घेतले, तर ते टिकतात. नियम करण्याच्या बैठकीला शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही बोलवावे.

दुसरे सूत्र म्हणजे प्रत्येक जागेला आणि वेळेला एक नाव असावे. मधल्या सुट्टीत जिन्यापाशी कोण, नळापाशी कोण, शाळा सुटताना फाटकावर कोण, हे वेळापत्रकात लिहिलेले असावे. लाताने आणि डार्ली यांच्या प्रयोगातील 'दुसरा कोणीतरी पाहील' या समजुतीवर एवढा एक उपाय पुष्कळ चालतो.

तिसरे सूत्र पायऱ्यांचे. वर्गातील बारीकसारीक गोष्टी विषयशिक्षकानेच तेथल्या तेथे मिटवाव्यात. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होऊ लागली की वर्गशिक्षकाला सांगावे. वर्गशिक्षकाने इतर विषयशिक्षकांकडे चौकशी करून पालकांशी बोलावे. त्यापुढे पर्यवेक्षक आणि शेवटी मुख्याध्यापक. पहिल्याच दिवशी मुलाला थेट मुख्याध्यापकांसमोर उभे करणारा शिक्षक त्या मुलाला एवढेच सांगत असतो की मला तू आवरत नाहीस. वरच्याकडे पाठवलेल्या मुलाचे पुढे काय झाले हे पाठवणाऱ्याला कळवलेच पाहिजे. नाहीतर वाटणीऐवजी नुसती ढकलाढकली होते.

चौथे सूत्र नोंदीचे. प्रत्येक वर्गाची एक साधी वही असावी. तीत तारीख, काय घडले आणि काय केले, एवढेच असावे. मुलाच्या स्वभावावर शेरे नसावेत. 'उर्मट आहे' हा शेरा मुलाच्या मागे दहावीपर्यंत फिरतो. 'मंगळवारी तिसऱ्या तासाला वही दिली नाही' ही नोंद मात्र पुढच्या आठवड्यात निरुपद्रवी होते. चांगल्या गोष्टींचीही नोंद त्याच वहीत व्हावी.

पाचवे सूत्र नव्या शिक्षकाविषयी. सर्वांत द्वाड म्हणून नावाजलेला वर्ग नव्याने आलेल्या शिक्षकाला देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्याला वर्ग आवरला नाही की शिक्षकांच्या खोलीत हसू पिकते. वास्तविक पहिले काही महिने जुन्या शिक्षकाने त्याच्या वर्गात जाऊन मागे बसावे आणि त्याला आपल्या वर्गात बसू द्यावे. मदत मागण्याची लाज जेथे वाटत नाही तेथेच शिस्त वाटून घेता येते.

सहावे सूत्र पालकांचे. २००९ च्या कायद्याने शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक आहे. पालकाला केवळ तक्रार ऐकण्यासाठी बोलावले तर तो आरोपीसारखा येतो. नियम ठरवतानाच तो बसलेला असेल तर भागीदारासारखा येतो.

मुलांचा वाटा

कर्मचाऱ्यांच्या वाटणीत विद्यार्थ्यांना विसरून चालणार नाही. आपल्या मातीत याचे थोर दाखले आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, स्वयंपाक करीत, शेतात राबत. मुलांच्या हाती संसारच दिल्यावर त्यांना आवरण्यासाठी वेगळा पहारेकरी कशाला हवा?

साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे कामही त्यांच्याकडे होते. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या पाहून ते रागावत नसत. मुले शाळेत गेल्यावर स्वतः खोल्या झाडून, सामान नीट लावून ठेवीत, अशी त्यांची आठवण सांगतात. परतल्यावर मुले ओशाळत आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः झाडू हाती घेत. सगळ्यांना साने गुरुजी होता येणार नाही. परंतु शिक्षक स्वतः तासाला वेळेवर येतो काय, शिपायाशी अदबीने बोलतो काय, फरशीवर पडलेला कागद उचलतो काय, हे मुले पाहत असतात. शिस्तीतला शिक्षकाचा पहिला वाटा हा आहे आणि तो दुसऱ्या कोणालाही देता येत नाही.

काही आक्षेप आणि एक धोक्याची सूचना

पहिला आक्षेप शिक्षकाच्या स्वातंत्र्याचा. प्रत्येकाची शिकवण्याची तऱ्हा वेगळी असते. सर्वांना एका साच्यात का घालावे? याचे उत्तर असे की सामायिक नियम शाळेपुरते असतात, शैलीपुरते नसतात. एखादा शिक्षक विनोद करून वर्ग ताब्यात ठेवील, दुसरा शांत राहून. मारायचे नाही, अपमान करायचा नाही आणि न पाहिल्यासारखे करायचे नाही, एवढे तिघांचौघांत सारखे असले म्हणजे पुरे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. माणसेच कोठे आहेत? साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. चार-पाच इयत्ता आणि दोन माणसे असतील तेथे जिन्यापाशी कोणाला उभे करणार? अनुदानित शाळांत चतुर्थ श्रेणीची पदे रिकामी होत जातील तशी ती न भरता शिपाई भत्ता द्यावा, असा शासन निर्णय डिसेंबर २०२० मध्ये निघाला. भत्त्यावर येणारा माणूस झाडलोट करील, घंटाही देईल. परंतु वीस वर्षे फाटकावर उभा राहून तीन पिढ्यांची नावे तोंडपाठ असलेला शिपाईकाका भत्त्याने मिळणार नाही. शिस्तीच्या वाटणीतील एक जुना, स्वस्त आणि मायाळू हिस्सेदार यामुळे हरवत आहे, हे शिक्षणाचा हिशेब मांडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. कर्मचारी कमी करायचे आणि शिस्तीची अपेक्षा वाढवायची, हे दोन्ही एकदम होणार नाही.

शेवटी धोक्याची सूचना. जबाबदारी वाटून घेणे म्हणजे एकमेकांना पाठीशी घालणे नव्हे. शाळेची अब्रू जाईल म्हणून सहकाऱ्याचा अपराध झाकणे ही वाटणी नसून कट आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने असा अपराध कळूनही तो न कळवणे हाच गुन्हा ठरवला आहे. 'मी मुख्याध्यापकांना सांगितले होते' एवढे म्हणून कोणाचीही सुटका होत नाही. पोलिसांकडे खबर गेली पाहिजे. महाराष्ट्रात मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांसाठी सखी सावित्री समित्या आल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील घटनेनंतर त्या कागदावर आहेत की कामात, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. समिती ही बारभाईंची खेती झाली म्हणजे त्याची किंमत लहान मूल मोजते. ज्या शाळेत मुलांवर शिस्त आहे आणि मोठ्यांवर नाही, तिला शिस्तीची शाळा म्हणता येणार नाही.

समारोप

छडीच्या काळात शिस्त हा एका माणसाचा आवाज होता. आज ती अनेक माणसांची एकवाक्यता असायला हवी. त्यासाठी फार पैसा लागत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसणे, कोणी कोठे उभे राहायचे हे ठरवणे, आपल्याला माहीत असलेला तुकडा दुसऱ्याला सांगणे आणि शिपायालाही खुर्ची देणे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. हे दिसायला सोपे आहे. करायला कठीण, कारण त्यासाठी 'माझा वर्ग' आणि 'माझा धाक' हा अभिमान थोडा सोडावा लागतो.

आपल्यापैकी जे शिक्षक होणार आहेत त्यांनी पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकताना एवढेच विचारावे : या शाळेत मूल चुकले तर पहिल्यांदा त्याच्याशी कोण बोलते आणि नंतर ते कोणाला सांगते? ज्या शाळेत याचे उत्तर तत्काळ आणि सर्वांकडून एकच मिळेल, तेथे शिस्त आहे. जेथे एखाद्याच सरांचे नाव पुढे केले जाईल, तेथे नव्या शिक्षकाच्या कामाला त्याच क्षणी सुरुवात झाली असे समजावे.